शाराकूला एका ओळीत उरकलंत?

संपादकसाहेब, रविवारच्या पुरवणीतला जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवरचा लेख वाचला, छान होता, पण सगळा होकुसाई या चित्रकाराच्या लाटेच्या चित्रावरच, काबुकी म्हणजे जपानी पारंपरिक नाटकातल्या नटांची चित्रं एका ओळीत उरकली हे काय पटलं नाही बुवा. अहो १७९४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, शाराकू नावाच्या चित्रकाराने या नटांचे काय चेहरे काढलेत, मागे चकाकणारी अभ्रकाची पूड आणि बाईचं काम करणाऱ्या नटाचा जबडा सरळ पुरुषाचाच दाखवला, फॅन लोकांना ते कुठून आवडणार! दहाएक महिन्यांत गडी गायब, तो नक्की कोण यावर अजून वाद चालूय. पैसा लावणारा प्रकाशक त्सुताया जुझाबुरो, त्याचं तरी नाव द्यायचंत. पुढच्या वेळी नटांची चित्रं मोठी छापा, आणि कलरमध्ये.

— एक वाचक, सातारा