उद्यानातलं ‘जंगल’ आम्हीच राखलं होतं

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आमच्या गावच्या उद्यानाचा फोटो आला होता. कंबरभर गवत, त्यात अर्धी बुडालेली घसरगुंडी, आणि खाली दोन ओळी : उद्यानाचं जंगल झालंय, लक्ष द्यायला कोणी नाही, अशा अर्थाच्या. फोटो खरा होता. घसरगुंडीपाशी गवत वाढलं होतं हेही खरं, आणि ती चूक आमचीच. लेकरं खेळतात तिथलं कापायलाच हवं होतं. पण लक्ष द्यायला कोणी नाही हे वाचलं आणि त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही. तसा तो बिनसाखरेचाच असतो.

त्या गवताकडे आम्ही दहा-बारा जण चार वर्षं लक्ष देत होतो. फोटो छापून आल्यावर तिसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं ग्रासकटर घेऊन आली आणि दुपारपर्यंत सगळं साफ झालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गिरणाकाठचं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की एका साहेबाला नोटीस निघते आणि बाकी गावं हात झटकून मोकळी होतात. असली साफसफाई सगळीकडेच चालते.

मी काही झाडापाखरांतली जाणकार नाही. शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून उद्यानात जाऊ लागले. तिथे एक निवृत्त शिक्षक, एक शिंपीकाका आणि कॉलेजची दोन-तीन पोरं रविवारी सकाळी गाजरगवत उपटताना दिसायची. (आमच्याकडे त्याला अजून काँग्रेस गवतच म्हणतात, त्यात राजकारण काही नाही.) एकदा मी नुसत्या हाताने दोन रोपं उपटली, तर संध्याकाळी कोपरापर्यंत खाज. मास्तरांनी पुढच्या रविवारी रबरी हातमोजे आणून दिले. ते घातले ते आजतागायत.

गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, हा पहिला धडा. एका झाडाला हजारो बिया धरतात. फुलल्यावर उपटलं तर तुम्ही त्याची पेरणी करत हिंडता. घाणेरी मुळासकट काढायची, नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. वेडी बाभूळ रोप असतानाच काढायची, कारण मोठी झाल्यावर तिच्यापुढे कुऱ्हाडही दमते. म्हणजे आम्ही उद्यानात काही उपटतच नव्हतो, असं नाही. चार वर्षं उपटतच होतो. फक्त काय उपटायचं आणि काय ठेवायचं ते ठरलेलं होतं.

ठेवलं होतं ते मारवेल, पवन्या, थोडी कुसळी. पहिल्या वर्षी गाजरगवत निघालं आणि मोकळ्या जागेत ही गवतं आपोआप वर आली. एक म्हातारे बाबा नातवाला घेऊन आले होते. त्यांनी वाकून मारवेलाची काडी मोडली, नाकाशी धरली आणि म्हणाले, हे आमच्या बांधावर असायचं, आता नाही. बरोबर आहे त्यांचं. कपाशीच्या आणि केळीच्या शेतांना आता बांध उरलेत कुठे? जेसीबीने ते बारीक केले, उरले त्यांच्यावर तणनाशक मारतात. शेतकऱ्याला दोष देत नाही. मजूर मिळत नाही, निंदणीचा खर्च झेपत नाही. पण त्यामुळे झालं असं, की बांधावरचं गवत, त्यातली बोरीची झुडपं, तरवड, रुई यांना जागा उरली ती रेल्वेच्या कडेला, स्मशानाच्या आवारात, आणि कोणी राखलं तर गावच्या उद्यानात.

आता अंजनाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

अंजन खान्देशचं झाड. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांकडे जाणाऱ्याने ते पाहिलेलं असतं. दोन पाकळ्या जोडाव्यात तसं जोडपान, आणि उन्हाळ्यात बाकी रान वाळलेलं असताना त्याच्यावर कोवळी पालवी. दुष्काळात याच्या पाल्यावर गुरं जगलेली आहेत. चार वर्षांपूर्वी शिंपीकाकांनी ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून बी आणलं. आम्ही 42 रोपं लावली. या झाडाची एक खोड आहे. पहिली काही वर्षं ते वर वाढतच नाही. मूळ खाली, खाली, खाली जातं आणि वर दिसते ती वीत-दीड वीत काडी, तिला चार-सहा पानं. आमच्याकडचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी डांबर चपलेला चिकटतं. अशा उन्हाळ्यात टिकायचं तर आधी पाण्यापर्यंत पोचायला हवं, हे त्या झाडाला आपल्यापेक्षा बरं कळतं. पहिली दोन वर्षं आम्ही पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमधून पाणी घातलं. तिसऱ्या वर्षी घातलं नाही, तरी रोपं जगली. म्हणजे मुळं पोचली होती.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त काड्या कापून झाल्या होत्या. मशीन चालवणारा पोरगा विशीचा असेल. मी ओरडले तसं त्याने मशीन बंद केलं. म्हटलं, अरे, ही झाडं आहेत. त्याने खाली पाहिलं, खरंच पाहिलं, आणि म्हणाला, “माय, माले वाटनं काडी शे.” त्याच्यावर काय रागवणार? दिसत होती काडीच. भोवती आम्ही दगडांचं आळं केलेलं होतं, पण कंबरभर गवतात ते त्याला दिसणार कसं? एका ओळीत खुंट्या ठोकून वर चिंधी बांधायला हवी होती. चार वर्षांत एकालाही ते सुचलं नाही.

अकरा रोपं उरली. बाकीच्यांच्या बुडख्यांना पाणी घालतोय. मूळ जिवंत असेल, तर काहीतरी फुटेल.

त्याच दिवशी कापलेल्या बोरीच्या झुडपात कॉलेजच्या पोरीला मुनियाचं घरटं सापडलं. गवताचा नारळाएवढा गोळा, एका बाजूला बोट जाईल एवढं दार. आत पाच पांढरी अंडी, शेंगदाण्याच्या दाण्याएवढी, त्यातली दोन फुटलेली. मुनिया गवताचं बी खाते, गवताचंच घर बांधते आणि पावसाळ्यात बांधते, कारण बी तेव्हाच धरतं. म्हणून ऑगस्टमध्ये गवत कापलं की तिचं घर आणि धान्य दोन्ही एकदम जातं. हेच गवत दिवाळीनंतर कापलं, तर बी जमिनीवर पडलेलं असतं, पिल्लं उडालेली असतात आणि गुरांना चाराही मिळतो. आमचं म्हणणं एवढंच आहे. कापू नका असं कोणी म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं आम्ही ऐकलेलं आहे. गवतात साप असतात. असतात. यंदा जूनमध्ये धामण निघाली, दोन आयांनी मुलं उचलून घरी नेली आणि आठवडाभर आल्या नाहीत. धामण बिनविषारी आहे, उंदीर खाते, हे आपण छापा. पण तीन वर्षांच्या मुलाच्या आईला ते सांगून उपयोग नाही हे मलाही कळतं. म्हणूनच पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट आणि खेळण्यांभोवतीचा सगळा भाग कायम कापलेला असावा, असं आमच्यात ठरलं होतं. घसरगुंडीपाशी आम्ही कमी पडलो, तेवढंच आपल्या कॅमेऱ्यात आलं.

मारुतीच्या कोपऱ्यातल्या रुईचं तर आम्हाला बायकांशीच भांडावं लागलं होतं. शनिवारी माळेला पानं लागतात. पानं तोडताना हाताला अळी लागते, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. एक मावशी म्हणाल्या, देवाच्या झाडाला कीड लागली, औषध मारा. मग पोरांनी एक अळी जाळीच्या डब्यात पानांसकट ठेवली आणि तो डबा देवळाच्या पायरीवर. काही दिवसांनी तिचा हिरवा कोष झाला आणि नंतरच्या एका शनिवारी, आरतीच्या वेळेलाच, त्यातून केशरी फुलपाखरू निघालं. आम्ही काही बोललो नाही. त्या दिवसापासून मावशी पान उलटून पाहतात आणि अळी असलेलं सोडून देतात. रुईचा चीक कडू, विषारी. अळी तोच खाऊन अंगात साठवते, म्हणून पाखरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, एवढं आता त्याच दुसऱ्यांना समजावतात. ती रुईही परवा गेली. पण रुई परत फुटेल, तिची मला काळजी नाही.

ठेकेदाराच्या कागदावर साफसफाईनंतर सुशोभीकरण आहे असं ऐकलं. म्हणजे लॉन आणि कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग असणार. लॉनला आमच्या गावात पाणी कुठून आणणार, तो वेगळा विषय. कोनोकार्पस मात्र शेजारच्या गुजरात सरकारने 2023 मध्ये लावायला बंदी केलेला आहे, आणि आपण तो हौसेने दुभाजकात लावतो. पिंपळनेर, पळासनेर, निंभोरा, उंबरखेड ही आपल्या खान्देशातल्या गावांची नावं. कोनोकार्पसखेडं कोणी ऐकलंय?

मागे एकदा पोरांपैकी एकाने विहिरीजवळच्या निंबावर रानपिंगळा (दुर्मिळ, छोटं घुबड) दिसला म्हणून आरडाओरडा केला होता. तो साधा पिंगळाच होता. डोक्यावर भरपूर पांढरे ठिपके, मास्तरांनी लगेच ओळखला. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पण त्या निमित्ताने मास्तरांनी सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. 1884 साली खान्देशात मिळालेल्या नमुन्यांनंतर हा पक्षी खात्रीने कोणाला मिळालाच नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून आलेल्या तीन अभ्यासकांना तो सापडला, तो आपल्या शहाद्याजवळ. 113 वर्षं! त्या रानातल्या माणसांना तो तेव्हाही दिसत असणार. त्यांना कोणी विचारलं नसेल, एवढंच.

मागणी मोठी नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने गावातल्या झाडा-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. आमची दोनशे पानी वही त्या कामाला फुकट द्यायला तयार आहोत. कुठल्या झाडाला कधी पालवी आली, टिटवीने मे महिन्यात कुठल्या खडीवर चार अंडी घातली आणि आम्ही भोवती विटा कशा लावल्या, सुगरणीच्या नरांनी विहिरीवरच्या बाभळीला किती खोपे अर्धवट सोडले, सगळं तारीखवार आहे. अक्षर शिंपीकाकांचं आहे, वाचता येतं. साफसफाईचा आदेश काढायच्या आधी एक फोन करावा आणि मशीनवाल्या पोराबरोबर आमच्यातला एक जण अर्धा तास फिरावा. अर्धा तास फार नाही.

आपल्यालाही एक विनंती. ज्यांनी तो फोटो काढला, त्यांना एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला पाठवा. घसरगुंडीजवळचं गवत आम्ही आता कापून ठेवलं आहे, आणि उरलेल्या अकरा अंजनांना लाल चिंध्या बांधल्या आहेत, त्या लांबूनही दिसतात. येताना बूट घालून यायला सांगा. भिंतीकडेला थोडी कुसळी मशीनच्या तावडीतून सुटली आहे आणि ती पायजम्यात फार घुसते.

आपली नियमित वाचक,
गिरणाकाठ, खान्देश