‘हापसा बंद’ एवढेच कळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की मराठवाड्यातल्या पंचायत समित्यांकडे हातपंपाच्या तक्रारींचा ओघ सुरू होतो. बहुतेक अर्जांचा सार दोन शब्दांचा असतो : ‘हापसा बंद’. बंद म्हणजे नेमके काय, हे कुणी लिहीत नाही. दांडा हलका लागतो की जड, पाणी अजिबात येत नाही की उशिरा येते, सकाळी येऊन दुपारी थांबते का, यातले काहीच कळत नाही. मग पथक गाडी घेऊन जाते. कधी दोन नट आवळून काम होते, तर कधी सगळे पाइप वर काढावे लागतात आणि हवे ते सामान सोबत नसते. दुसऱ्या फेरीपर्यंत गाव पाण्यावाचून. ही फेरी वाचवता येते. रोज हापसणाऱ्या बायकांना हापशाचे दुखणे सगळ्यांच्या आधी कळते. त्यांना कुणी विचारत नाही, हीच अडचण आहे.

आज गावोगावी दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हापसा मुळात आपल्याच भागातल्या गरजेतून घडला आहे. १९६०च्या दशकात सार्वजनिक बोअरवर एका घरापुरते बनवलेले बिडाचे पंप बसवले जात. अख्खे गाव दिवसभर हापसू लागले की ते मोडत. त्यावर जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी हेडचा (दांडा बसतो त्या वरच्या पेटीचा) पंप बनवला, तो ‘जालना पंप’. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि १९७०च्या दशकात युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून त्यावरून मार्क टू तयार केला. त्यावर कुणाचे पेटंट नाही. आयएस १५५०० (पूर्वीचे आयएस ९३०१) या मानकानुसार कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसला पाहिजे. सामान्य माणसाने सांभाळावे म्हणून इतक्या विचाराने केलेली यंत्रे थोडी आहेत, म्हणून हा हापसा कसा चालतो हे गावाला माहीत असायला हवे.

हेडचे झाकण उघडले की आत साखळी दिसते. ती दांड्याच्या टोकावरच्या कमानीवर बसते, त्यामुळे खालचा रॉड सरळ रेषेत वर येतो, तिरका ओढला जात नाही. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा खाली दाबला की रॉड वर येतो. दांडा वर गेला की रॉड स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. १२ मिमीचा, ३ मीटर लांबीचा एक रॉड पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. ३० मीटरवर सिलिंडर (पाइपांच्या तळाशी असलेली, दट्ट्याची नळी) असेल तर १० रॉडचे २७ किलो होतात. हे वजन तोलायलाच दांडा भरीव लोखंडाचा दिलेला आहे. मूळ दांडा गेला म्हणून वेल्डिंगवाल्याकडून पोकळ पाइपाचा दांडा लावून घेतला की हापसा जड होतो आणि म्हाताऱ्या बाया तो सोडून देतात. दोष हापशाचा नसतो.

हे एकदा समजले की दुखणे ओळखता येते. दांडा एकदम हलका झाला, सोडला की खाली पडून राहतो आणि पाणी नाही, तर साखळी तरी तुटली आहे किंवा वरच्या भागात रॉड तुटला वा सुटला आहे. झाकण उघडून साखळी शाबूत दिसली तर काम खालचे आहे, असे कळवावे. दांडा वर नेताना साखळी सैल पडून तिची घडी होत असेल तर रॉड नीट उतरत नाही : सिलिंडरमधल्या दट्ट्याचे नवे वायसर (पाणी निसटू न देणाऱ्या वाट्या) घट्ट बसले आहेत किंवा रॉड वाकला आहे. वाकलेला रॉड पाइपला आतून घासतो आणि काही महिन्यांत पाइपला भोक पाडतो. त्यामुळे खालून येणारा खरखर आवाज ‘जुना झालाय’ म्हणून सोडू नये. दांडा डावीउजवीकडे हलत असेल तर आसाचे नट ढिले आहेत किंवा बेअरिंग गेले आहेत. हे काम वरच्या वर होते. हापसताना अख्खा खांबच हलत असेल तर ओट्याचे काँक्रीट सुटले आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पाणी खाली जाण्याचा. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फटींत आणि वरच्या मुरमात धरतो. मार्च-एप्रिलमध्ये पातळी सिलिंडरच्या खाली गेली की हापसा निर्दोष असूनही कोरडा चालतो. याची खूण सोपी आहे. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पहाटे दोन-चार घागरी पाणी येते, मग हवा येऊ लागते, तासा-दोन तासांनी पुन्हा थोडे येते. अशा हापशाला वायसर बदलून उपयोग नाही. बोअरला खाली जागा असेल तर पाइप आणि रॉड वाढवून सिलिंडर उतरवावा लागतो. साध्या मार्क टूची शिफारस ४५ मीटरपर्यंतचीच आहे. त्यापुढे जास्त खोलीचा प्रकार लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

दोन चाचण्या कुणालाही करता येतात. पहिली : पाणी सलग येऊ लागल्यावर एका मिनिटात ४० वेळा, पूर्ण लांबीने हापसावे. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी आणि दट्ट्याची चाल १२५ मिमी असल्याने एका वेळेला सुमारे ४०० मिली पाणी येते. चांगल्या हापशाने ४० वेळेत निदान १५ लिटर दिलेच पाहिजे. १० लिटरही भरत नसेल तर वायसर झिजले आहेत. पोरे घाईघाईने अर्ध्या-मुर्ध्या चालीने हापसतात तेव्हा पाणी कमी पडते आणि सिलिंडरचे पितळी अस्तर एकाच पट्ट्यात झिजते, म्हणून पूर्ण चाल महत्त्वाची. दुसरी : हापसणे थांबवून अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नये. नंतर पाचपेक्षा जास्त वेळा हापसल्यावर पाणी आले तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतो आहे. हे दोन आकडे तक्रारीत असतील तर पथक योग्य सामान घेऊनच निघेल.

वरची निगा गावाने करावी, खालचे काम गावाने करू नये, असे आमचे ठाम मत आहे. ३० मीटरचे ३२ मिमी पाइप, त्यांतले पाणी, रॉड आणि सिलिंडर मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. क्लॅम्प नीट बसला नाही आणि पाइप सुटला तर सगळी माळ बोअरमध्ये जाते. मग बोअरच वाया. (‘मार्क थ्री’ या पुढच्या प्रकारात पाइप ६५ मिमीचे असल्याने ते न काढता दट्ट्या आणि व्हॉल्व्ह वर घेता येतात, पण असे हापसे कमी आहेत.) वरच्या कामाला मात्र १७-१९चा पाना आणि ग्राफाइट ग्रीस पुरे. महिन्यातून एकदा झाकण उघडून साखळी पुसावी, ग्रीस लावावे, साखळीचा बोल्ट, आसाचे नट आणि हेड-टाकीचे बोल्ट आवळावेत. झाकण तारेने बांधून ठेवू नका. हरवलेला बोल्ट काही रुपयांचा असतो; उघड्या हेडमध्ये पावसाचे पाणी आणि मुलांनी टाकलेले खडे जातात.

ओट्याला तडा गेला की धुण्याभांड्यांचे पाणी केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) बाजूने परत बोअरमध्ये उतरते. तडा नुसत्या सिमेंटच्या लेपाने बुजत नाही. भाग फोडून १:२:४ प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) नवे काँक्रीट भरावे, ७ दिवस पाणी मारावे आणि तोवर हापसा पूर्ण बंद ठेवावा. एवढा धीर न धरल्यानेच खांब पुन्हा हलू लागतात. खालचे काम झाल्यावर १५ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून बोअरमध्ये सोडली का, हे पथकाला विचारण्याचा गावाला हक्क आहे. नंतर वास जाईपर्यंतचे पाणी फेकून द्यावे.

नळ आल्यापासून अनेक गावांनी हापसा काढून त्याच बोअरमध्ये मोटर सोडली. वीज गेली किंवा मोटर जळली की त्याच बोअरचे पाणी खाली असूनही वर येत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दुहेरी पंप योजनेत एकाच बोअरवर सौर पंप आणि हापसा दोन्ही ठेवतात, ते याचसाठी. मोटर जरूर बसवा, हापसा भंगारात घालू नका.

आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक हापशाच्या खांबावर ऑइलपेंटने चार गोष्टी लिहाव्यात : बोअरची खोली, पाइपांची संख्या, केसिंगचा व्यास आणि वायसर शेवटचे बदलल्याचा महिना. आज ही माहिती बहुधा जुन्या नोंदवहीत किंवा निवृत्त झालेल्या मिस्त्रीच्या डोक्यात असते. तक्रार करताना हे चार आकडे आणि वरच्या दोन चाचण्यांचे निकाल कळवावेत. ग्रामपंचायतींनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन फेब्रुवारीतच सर्व हापशांची चाचणी उरकावी. एप्रिलमध्ये पथकांना एकाच वेळी सगळीकडून बोलावणे असते.

— हातपंप दुरुस्तीचे काम करणारे कारागीर, जालना जिल्हा