माजघराचा उजेड राखलात, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन-तीन पावसाळे घर नीट वापरून झाल्यावरच हे पत्र लिहायचं, असं मी ठरवलं होतं. आभार तर वास्तुशांतीच्या दिवशी तुमच्यासमोर मानलेच होते. पण निसर्ग वादळानंतर आपल्या दापोली-मंडणगड पट्ट्यात अजूनही घरं दुरुस्त होत आहेत, वाढत आहेत, आणि जो तो एकच प्रश्न घेऊन बसलेला दिसतो: कुठल्या बाजूला किती खोल्या काढायच्या? आमच्या घराची दुरुस्ती आणि वाढ आखून द्यायला आलात तेव्हा तो प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात आणि दुसराच विचारलात. त्याचा आम्हाला किती उपयोग झाला ते चारचौघांना कळावं, म्हणून हे उघड पत्र.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घर जांभ्याचं, आजोबांच्या वेळचं, पूर्वेला तोंड. समोर खळं, म्हणजे पुढचं अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. माजघराच्या उत्तरेला बाळंतिणीची खोली आणि कोठी, दोन्ही काळोख्या. दक्षिणेच्या भिंतीत दोन खिडक्या. माजघरात जो काही उजेड यायचा तो तेवढाच. संडास-न्हाणी मागच्या अंगणापलीकडे, म्हणजे जुलैत रात्री जायचं तर डोक्यावर इरलं किंवा छत्री आणि हातात बॅटरी. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिची सगळी काळजी त्या अंगणाभोवतीच फिरत होती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ओटीवरची कौलं उडाली, आढं एका टोकाला उचललं गेलं, आणि दक्षिणेच्या अंगाचा मोठा फणस मुळासकट आडवा झाला. पत्रे-ताडपत्री घालून तो पावसाळा काढला, पुढचाही तसाच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा बाबा म्हणाले, आता कौलं नकोतच, पुरी स्लॅब टाकायची. भावाचं म्हणणं, एवीतेवी छप्पर उतरवायचंच आहे तर खोल्याही वाढवून घेऊ. फणस गेल्यामुळे दक्षिणेला जागा मोकळी झालेली होतीच. तिथे घराला लागून दोन बेडरूम, प्रत्येकीला संडास-बाथरूम, आणि ओटी-माजघरामधली भिंत काढून एक मोठा हॉल, असा ४८० चौरस फूट वाढीचा नकाशा आमच्या हातात तयार होता. तालुक्यात असे पुष्कळ नकाशे बघायला मिळतात आणि लोक त्यात सुखाने राहतातही.

तो नकाशा बघून तुम्ही बरं-वाईट काहीच बोलला नाहीत. माजघरात खाली बसलात, खिडक्यांकडे बघितलंत आणि विचारलंत, "नव्या खोल्या कशा होतील ते कळलं. ही खोली कशी होईल?"

आम्ही कोणीच हा विचार केलेला नव्हता. दक्षिणेला भिंतीला भिंत लावून खोल्या आल्या की माजघराच्या दोन्ही खिडक्या बंद, आणि घरातली सगळ्यात मोठी खोली नुसती जाण्यायेण्याची वाट होणार. दिवसाढवळ्या दिवा लावायचा आणि चारी बाजूंच्या दारांना वाट देत राहायचं. जिथे आमच्या घरातली लग्नं ठरली, जिथे गणपतीत पंगत बसते आणि एप्रिल-मे महिन्यात हापूसची आढी लागते, ती जागा. तुमचं म्हणणं मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं: वाढीव बांधकामाचा नकाशा काढताना जुन्या प्रत्येक खोलीला विचारायचं, तुझी खिडकी कुठे गेली, तुझ्यातून आता कोण कोण जाणार.

नंतर तुम्ही आमच्याकडे राहिलात. आईबरोबर पहाटे उठलात, ती चुलीकडून मोरीकडे, मोरीकडून देवघरात, तिथून कोठीत कशी फिरते ते बघितलंत. कोण कुठे बसतं, आंब्याच्या पेट्या कुठे भरतात, पेंढा कुठे ठेवतात, गणपतीत तीस-चाळीस माणसं झोपतात कुठे, हे सगळं विचारलंत. भावाला विचारलंत, वर्षातून किती दिवस येता? त्याने मे महिना आणि गणपती सांगितले. मग म्हणालात, बारा महिने राहणाऱ्या दोन माणसांना जे लागतं ते आधी बांधू, पाहुण्यांची सोय आहे त्या घरातून काढू. भाऊ जरा खट्टू झाला होता, मला आठवतं. आज तोच लोकांना हे वाक्य ऐकवतो.

बाबांना मात्र हॉल हवा होता. तेव्हा तुम्ही शिडी लावून त्यांना माळ्यावर घेऊन गेलात. ओटी-माजघरामधल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड फुटी भिंतीवर तुळया कशा टेकल्या आहेत ते हाताने दाखवलंत आणि सांगितलंत की ही भिंत घराचं ओझं घेऊन उभी आहे. काढता येते, पण मग खाली खांब आणि बीम, त्यांना पाया, आणि एवढं करून मिळणार काय, तर झोपायला आडोसा नसलेली लांबलचक खोली. तिथून खाली उतरून कोठीत गेलात, तिथल्या आणि बाळंतिणीच्या खोलीमधल्या भिंतीवर बोटांनी टकटक केलंत. ती कुडाची निघाली. कारव्या आणि माती, वर कसलाही भार नाही. "ही काढा," म्हणालात. दोन काळोख्या खोल्यांची मिळून उत्तरेला रुंद खिडकी असलेली एक चांगली खोली झाली, आणि भावाची सोय एक चिराही न वाढवता झाली.

कोठीचं जे दार माजघरात उघडत होतं तेही तुम्ही चिणायला लावलंत. हे मला त्या वेळी किरकोळ वाटलं होतं, आता मी ज्याला त्याला हेच आधी सांगते. खोली मोठी असून भागत नाही, तिला सलग भिंत लागते. आमच्या माजघरात चार भिंतींना पाच दारं होती, म्हणून पलंग लावावा तर कुठल्या ना कुठल्या वाटेत यायचा. एक दार बंद केल्यावर उत्तरेची भिंत अखंड मिळाली आणि माणसांच्या वाटेपासून सुटलेला एक कोपरा झाला. तिथे आता बाबांची खुर्ची आणि पुस्तकांचं कपाट आहे. पुढचं दार, माजघराचं दार आणि मागचं दार मात्र एका रेषेत होती ती तशीच ठेवायला लावलीत, कारण उन्हाळ्यात दुपारी घरात वारा खेळतो तो त्याच वाटेने.

वाढीव बांधकाम दक्षिणेलाच आलं, पण घरापासून आठ फूट सोडून. मध्ये चौक. नवी खोली एकच, आई-बाबांची, आणि ती जुन्या घराला जोडली ती मागच्या टोकाला, स्वयंपाकघराजवळून, एका छोट्या वाटेने. त्या वाटेलाच संडास-बाथरूम. चौक पूर्वेला मोकळा, म्हणजे पाणी साचत नाही, चिऱ्याच्या गटारातून सरळ खळ्याच्या कडेने निघून जातं. सगळं मिळून नवीन बांधकाम २६० चौरस फूट. आम्ही जेवढं बांधायला निघालो होतो त्याच्या जवळजवळ निम्मं.

या आठ फुटांवरून घरात किती चर्चा झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. जागा फुकट जाते, हे बाबांचं. पावसात पाणी आत येईल, हे काकांचं. पाऊस नैऋत्येकडून मारतो हे आपल्याकडे लहान पोरही जाणतं, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात दक्षिणेच्या खिडक्या चार महिने बंदच असायच्या. आता नवी खोली मध्ये उभी असल्यामुळे पावसाचा मारा तिच्या पाठीवर पडतो, आणि माजघराच्या त्याच खिडक्या भर जुलैत उघड्या राहतात. माजघराला एवढा उजेड जुन्या घरातही कधी नव्हता. चार महिने भिंतींना येणारा कुबट वासही गेला. हा लाभ तुम्ही आधी सांगितला होता, पण पहिल्या पावसात डोळ्यांनी बघेपर्यंत आमचा विश्वास बसला नव्हता.

छपराचंही तसंच. नवं छप्पर जुन्याला जोडलं असतं तर दोन उतारांच्या मध्ये कोना आला असता, आणि कोन्यातल्या पन्हळीत पाचोळा अडकून कोकणातलं कुठलं घर गळत नाही? चौकामुळे दोन्ही छपरं आपापलं पाणी टाकतात. मधल्या वाटेवर आणि बाथरूमवर तुम्ही स्लॅब घातलीत, जुन्या वळचणीच्या खाली सरकवून, मागे उतार देऊन. बाबांच्या मनातली वादळाची भीती तुम्ही कधी हसण्यावारी नेली नाहीत, याबद्दल मला तुमचे खास आभार मानायचे आहेत. "वादळात बसायला घरात एक पक्की जागा हवीच, ती ही," असं त्यांना सांगितलंत, आणि पाण्याची टाकीही तिच्यावरच ठेवलीत. बाकी कौलं राहिली, पण चिऱ्याच्या भिंतींवर काँक्रीटचा पट्टा फिरवून, वासे त्यात बोल्टांनी आवळून, कडेच्या ओळींतली कौलं तारेने बांधून.

जुनी कौलं निवडायला तुम्ही स्वतः खळ्यात बसला होतात ते दृश्य आमच्या वाडीत अजून सांगतात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं आपल्या किनाऱ्यावर कशी पसरली, ते तुम्ही मुलांना सांगत होतात आणि एकेक कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघत होतात. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यात सुताएवढा फरक असतो, एकाची खाच दुसऱ्यात नीट बसत नाही आणि तिथूनच पाणी आत येतं, म्हणून छापांप्रमाणे ढीग लावलेत. एका उतारावर एकाच छापाची कौलं. ओटीवर पूर्वी वेगवेगळी कौलं मिसळलेली होती आणि ती दरवर्षी का गळायची, ते तेव्हा कळलं.

पण सगळ्यात जास्त मला आठवते ती आखणी. नकाशा कागदावर पक्का झाला होता, गवंडी पायाच्या गोष्टी बोलत होते. तुम्ही त्यांना थांबवलंत, आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी मागवलीत आणि नवी खोली, वाट, बाथरूम, सगळं खऱ्या मापात खळ्यात आखलंत. आतमध्ये बाज टाकलीत, कपाटाच्या जागी आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचल्यात, कमोडच्या जागी पाट ठेवलात. मग आईला म्हणालात, "काकू, आता रात्रीचे दोन वाजलेत. उठा आणि जाऊन या."

आई पहिल्यांदा लाजली. मग बाजेवर आडवी झाली, कुशीवर वळून उठली, भिंतीचा आधार घ्यायचा म्हणून हात पुढे केला, तर हाताला काहीच नाही. बाजेच्या डाव्या अंगाला दार होतं, आणि आई उठते उजव्या कुशीवरून. तुम्ही पायाने फक्की पुसलीत आणि दार दुसऱ्या भिंतीत आखलंत. आई पुन्हा आडवी झाली, पुन्हा उठली. या वेळी हात जिथे पडला तिथे तुम्ही खूण केलीत आणि तिथल्या भिंतीत लाकडी पट्टी बसली. बाथरूमचं दार तीन फुटी, उंबरा नाही, उतार इतका बेताचा की पाणीही जातं आणि पायही सरकत नाही, आत पाच फुटांचं मोकळं वर्तुळ, म्हणजे पुढेमागे चाकाची खुर्ची लागली तरी वळेल. आईसमोर तुम्ही खुर्चीचा शब्द काढला नाहीत. तो मला एकटीला गाठून सांगितलात. हे जपणं कुठल्या नकाशात दाखवता येत नाही.

बाथरूम स्वयंपाकघराच्या मोरीला पाठीला पाठ लावून घेतल्यामुळे सांडपाण्याची एकच छोटी लाइन पुरली. शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब हवाच, यावर तुम्ही अडून बसलात आणि त्यासाठी एक पोफळ काढावी लागली. काकांना वाईट वाटलं. विहिरीचं पाणी आजही सगळी वाडी पिते.

आईची मागच्या पडवीतली चूल तुम्ही हलवली नाहीत, याचा तिला सगळ्यात जास्त आनंद आहे. गॅस आत आला, ओटा झाला, नळ आला; तरी घावणे आणि फणसाची भाजी चुलीवरच होते. फक्त भांडी घासायची मोरी उंच झाली आणि आता तिला उकिडवं बसावं लागत नाही. आणि हो, पडलेल्या फणसाच्या फळ्या कापून सुकत ठेवायला तुम्ही सांगितलं होतंत, त्यांची दारं झाली. नव्या खोलीचं दार अजून पिवळसर आहे, हळूहळू तांबूस होत चाललंय.

शेजारच्या वाडीतल्या एकांना घराचं काम पुढच्या दिवाळीनंतर काढायचं आहे. त्यांना तुमचा नंबर तुम्हाला विचारून देईन. तोवर मी त्यांना सांगून ठेवलं आहे की नकाशा घेऊन येण्याआधी आपल्या माजघरात दुपारी दिवा न लावता तासभर बसा.

आईचा निरोप: आंब्याच्या दिवसांत या, पण राहायला या, घाईत येऊ नका. बाबांचा निरोप: स्लॅबला कुठेही ओल नाही, वर जाऊन तपासली आहे. आणि माझी विनंती: पडवीच्या पुढे गाडीसाठी छप्पर घालावं असं भावाच्या मनात आहे. त्याने पडवीचा सकाळचा उजेड जाणार का, ते येऊन एकदा बघाल का?

तुमची,
दापोलीच्या घरातली मोठी लेक