पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. होम थिएटरचा संच धडधाकट आहे, डीव्हीडी प्लेअर कधीच गेला, सिनेमे आता लॅपटॉपवर आहेत, अशी घरं आमच्यासारखी पुष्कळ असतील. त्यांनाही तुमचं सांगणं उपयोगी पडावं.

माझ्या आईला कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र लावूनही सिनेमातलं पार्श्वसंगीत तिला ऐकू यायचं, दार आपटलेलं ऐकू यायचं, पण माणसं काय बोलतायत ते लागायचं नाही. आधी ती "काय म्हणाला गं तो?" असं विचारायची. पुढे विचारेनाशी झाली, आणि मला ते जास्त लागलं.

एका मोठ्या दुकानात संच भंगारात काढा, साउंडबार घ्या, असं सांगितलं होतं. तुम्ही मात्र पहिल्यांदा विचारलंत, "ताई, ॲम्प्लिफायरच्या पाठीमागचा फोटो आहे का?" फोटोत सहा आरसीए सॉकेटं, म्हणजे वायरची गोल पिन बसते ती भोकं, दिसली. पुढच्या स्पीकरांची दोन, मागच्यांची दोन, एक सेंटरचं आणि एक सबवूफरचं, म्हणजे धमधम आवाजाच्या स्पीकरचं. त्यावर तुम्ही म्हणालात, "ही सहा भोकं आहेत तोवर या संचाला म्हातारा म्हणायचं नाही."

मग गिऱ्हाइकं उभी असतानाही तुम्ही मला सगळं नीट समजावलंत. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून आवाजाचे दोनच चॅनेल बाहेर पडतात, डावा आणि उजवा. सिनेमाचा ५.१ आवाज सहा चॅनेलचा असतो आणि त्यातले संवाद बहुतेक करून मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये ठेवलेले असतात. जॅकला वायर लावली की लॅपटॉप सहाचे दोन करतो. संवाद, वाद्यं, पाऊस, गाड्या, सगळं त्याच दोन स्पीकरांतून एकत्र येतं आणि टीव्हीखालचा सेंटर स्पीकर मुका राहतो. आईला नेमकं जे हवं होतं तेच त्या गर्दीत बुडत होतं. आवाज वाढवला की गर्दीही वाढायची. इतकी वर्षं घरातल्या कुणाला न सुटलेलं कोडं तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या सोडवलंत.

मी ब्लूटूथचं विचारलं, तर त्यातूनही दोनच चॅनेल येतात म्हणालात. ॲम्प्लिफायरला एचडीएमआय असतं, तर लॅपटॉपपासून एकच केबल टाकून काम झालं असतं. नुसतं ऑप्टिकल असतं, तर त्यातून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा दाबून बसवलेला आवाज तसाच्या तसा पाठवता आला असता. आमच्या संचाला दोन्ही नाही, म्हणून यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड, म्हणजे लॅपटॉपला लावायची आवाजाची छोटी डबी. इथे तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. खोक्यावर ठळक ७.१ छापलेलं एक कार्ड तुम्ही हातात घेतलंत, त्याचं एकुलतं एक हिरवं भोक मला दाखवलंत आणि ते परत फळीवर ठेवलंत. "आकडा खोक्यावर आहे, आत दोनच चॅनेल आहेत." स्पीकरसाठी तीन वेगळे जॅक असलेलं कार्ड दिलंत, हिरवा पुढच्यांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचा. सोबत ३.५ मिलिमीटरच्या एका पिनेच्या दोन आरसीए पिना होतात तशा तीन केबली. मागच्या स्पीकरांची वायर आमच्या खोलीला पुरत नव्हती, ती तुम्ही स्वतः डाग देऊन वाढवून दिलीत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी विंडोजच्या साउंडमध्ये प्लेबॅकच्या यादीत नवं कार्ड निवडलं, कॉन्फिगरमध्ये ५.१ केलं आणि टेस्ट दाबलं. चार ठिकाणचे आवाज जागच्या जागी आले. सेंटरचा मात्र सबवूफरमधून आला, घोंगडीआडून आल्यासारखा. दुकान बंद करायची वेळ होती, तरी तुम्ही फोन उचललात. नारिंगी पिनेच्या टोकाला सेंटर की सबवूफर, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, त्या दोन आरसीए पिनांची अदलाबदल करा, एवढंच म्हणालात. केली, आणि सेंटर बोलू लागला. चार्जर लावला की येणारी घूंऽऽ सुद्धा तुमच्याच सांगण्याने गेली. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले.

तुम्ही सांगितलेली शेवटची गोष्ट आईसाठी सगळ्यात मोलाची ठरली. साउंड कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्सखाली बॅलन्स असतो, तिथे प्रत्येक चॅनेलचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. सेंटर वर ठेवला, बाकीचे थोडे उतरवले. वाद्यं आहेत तिथेच राहिली आणि बोलणं पुढे आलं. त्या रात्री आईने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि जेवताना त्यातल्या सासूशी भांडत बसली, ती अशी म्हणालीच कशी म्हणून. किती दिवसांनी तिच्याशी सिनेमावर बोलता आलं, काका!

प्रत्येक सिनेमाला हे जमत नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत. फाइलमध्येच दोन चॅनेल असतील तर सेंटरला द्यायला वेगळं काही नसतं. आता मी व्हीएलसी या सिनेमे लावायच्या प्रोग्रॅममध्ये कोडेकची, म्हणजे फाइलमधल्या चित्र-आवाजाची, माहिती उघडून आधी बघते. 'थ्री एफ टू आर, एलएफई' दिसलं, म्हणजे पुढचे तीन, मागचे दोन आणि सबवूफर, की आईला हाक मारते. यूट्यूबवरची जुनी नाटकं ती हेडफोन लावून ऐकते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा संचही असाच पडून आहे. त्याच्या पाठीमागचा फोटो काढून ठेवलाय. सहा सॉकेटं आहेत. बुधवारी दुपारी त्यांना घेऊन येते.

तुमची,
सेंटर स्पीकरवाली ताई