टॉवर मोजता, तशा त्याच्या बॅटऱ्याही मोजा

प्रति,
माननीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मुंबईत भांडुपला राहतो. तेरा वर्षं मोबाइल टॉवरच्या वीजपुरवठ्याचं काम केलं: रेक्टिफायर (लाइटची एसी वीज डीसी करणारं यंत्र), बॅटऱ्या, जनरेटर, शेल्टरचा (टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीचा) एसी. माझी आई रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. वय 74. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून जे घडलं ते आधी सांगतो.

21 जूनच्या रात्री गावात झाड पडून लाइट गेली. रोज आठ वाजता मी आईला फोन करतो, त्या दिवशीही केला. बोलताना ती म्हणाली, "लाइट गेलीय, आता फोनपण जाईल बघ." साडेआठला फोन गेला. नऊच्या सुमारास अंधारात ओल्या पडवीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या मुलाने आधी स्वतःचा फोन लावून पाहिला, मग तिचा. दोघांची सिम वेगवेगळ्या कंपन्यांची, पण गावात टॉवर एकच आणि दोन्ही कंपन्यांची यंत्रं त्याच्यावरच. तो मुलगा भर पावसात टॉर्च घेऊन सड्यावर चढला. तिथे पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉवरची एक कांडी मिळते. तिथून 108 लागला, तेव्हा अकरा वाजून गेले होते. दोन तास माझी आई शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून होती आणि मी इथे भांडुपमध्ये "संपर्क क्षेत्राबाहेर" हे शब्द ऐकत होतो.

याच टॉवरबद्दल एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीने तक्रार केली होती. टॉवर सांभाळणाऱ्या कंपनीने लेखी कळवलं की पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या बदलू आणि जनरेटर दुरुस्त करू. ते पत्र माझ्याकडे आहे. जुलैत मी स्वतः जाऊन पाहिलं, तर बॅटऱ्या त्याच होत्या. जनरेटरच्या डिझेल टाकीला गंज चढलेला आणि स्टार्टरची बॅटरी काढून नेलेली.

आता या कामातला माणूस म्हणून सांगतो. टॉवरवरची यंत्रं 48 व्होल्ट डीसीवर चालतात. लाइट असेल तेव्हा रेक्टिफायर ती वीज देतो आणि बॅटऱ्या भरून ठेवतो. लाइट गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की जनरेटर. दोन कंपन्यांचा 4जी असलेल्या आमच्यासारख्या साइटचा लोड साधारण 3 किलोवॅट. 600 अँपिअर-अवरचा शिशाच्या बॅटऱ्यांचा संच कागदावर 28 युनिट धरतो. बॅटरीचं आयुष्य राखायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे धडधाकट संच असेल तर टॉवर साडेचार तास सहज निघतो. आमच्या गावातला अर्ध्या तासात गेला. म्हणजे बॅटऱ्या फक्त जागा अडवून बसल्या होत्या.

त्या अशा का होतात तेही मला माहीत आहे. शिशाच्या बॅटरीला 25 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, आणि त्यावर दर 10 अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. शेल्टरचा एसी बंद पडला की कोकणात मे महिन्यात आत भट्टी होते. त्यात दिवसाला चार वेळा लाइट जाते, बॅटरी तळापर्यंत उतरते आणि पुरती भरायच्या आत पुन्हा उतरते. तीन-चार वर्षं चालायची ती वर्षभरात खलास. मग कंट्रोल रूममध्ये अलार्म येतो, तिथला मुलगा टेक्निशियनला फोन करतो, टेक्निशियन म्हणतो स्टोअरमध्ये बॅटरी नाही, स्टोअरवाला म्हणतो मंजुरी नाही. अशा शेकडो फोनांच्या मधोमध मी उभा राहिलेलो आहे.

मंजुरी न मिळण्याचं कारण एकच, खर्च. आणि मंत्रीमहोदय, माझा संताप इथेच आहे. कारण खर्च वाचवण्याचे सरळ मार्ग आहेत आणि ते सगळ्या कंपन्यांना ठाऊक आहेत. 15 केव्हीएचा जनरेटर 3 किलोवॅटसाठी चालवणं म्हणजे एका घागरीसाठी टँकर मागवणं. तासाला दीड-दोन लिटर डिझेल जातं आणि हाती तीनच युनिट येतात. लिटरला नव्वद रुपये धरले तर युनिट 45 ते 60 रुपयांना पडतं. त्यात डोंगरावर डिझेल वाहून नेण्याची मजुरी धरलेली नाही. कमी लोडवर इंजिनात काजळी साचते, इंजिन मरतं. त्याऐवजी जनरेटर चार तास भरपूर लोडवर चालवा, त्या वेळात लिथियम बॅटरी भरून घ्या आणि पुढे तो बंद ठेवा. लिथियम लवकर भरते, खोलवर उतरली तरी टिकते, उष्णताही जास्त सोसते. शेल्टर काढून बाहेर बसणारं कॅबिनेट लावा. यंत्रांना एसी लागत नाही, गारवा लागतो तो फक्त बॅटरीला. सिग्नल पाठवणारा रेडिओ खालून वर अँटेनाजवळ नेला की जाड केबलमध्ये वाया जाणारी निम्मी शक्ती वाचते. रात्री दोन ते पाच गाव झोपलेलं असताना जास्तीचे कॅरिअर, म्हणजे सिग्नलचे जादा फ्रिक्वेन्सी-पट्टे, झोपवता येतात, तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे.

यातलं काहीएक न करता या लोकांनी सोपा मार्ग धरला. बॅटरी बदलायची नाही, डिझेल भरायचं नाही, वीज गेली की साइट मरू द्यायची. मेलेली साइट एक रुपयाचंही डिझेल खात नाही! त्यांचा तो वाचलेला खर्च माझ्या आईने भरला, आणि तिच्या शस्त्रक्रियेचं बिल मी भरलं.

सौरऊर्जेचं म्हणाल तर तेही प्रामाणिकपणे सांगतो. 3 किलोवॅटच्या साइटला दिवसाला 72 युनिट लागतात. 5 किलोवॅटचे पॅनल महाराष्ट्रात सरासरी 20 युनिट देतील, आणि कोकणच्या आषाढात त्याच्या निम्मेही देणार नाहीत. म्हणजे पॅनलने बिल आणि डिझेल कमी होईल, पावसाळ्यातली रात्र निघणार नाही. त्या रात्रीसाठी चांगली बॅटरी आणि चालू जनरेटरच लागतो. पॅनल लावून फोटो काढला की काम झालं असं समजणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

सरकारला हे कळलं नव्हतं असंही नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2011 मध्ये हरित दूरसंचाराच्या शिफारशी दिल्या. दूरसंचार विभागाने जानेवारी 2012 मध्ये निर्देश काढले की 2015 पर्यंत ग्रामीण भागातले किमान 50 टक्के आणि शहरातले 20 टक्के टॉवर ग्रिड आणि अपारंपरिक ऊर्जा अशा दोन्हींवर चालावेत, आणि 2020 पर्यंत अनुक्रमे 75 आणि 33 टक्के. मी त्या काळात काम करत होतो. माझ्याकडे 42 साइट होत्या आणि सोलर होतं तीन साइटवर. त्यातल्या एकीचे पॅनल चोरीला गेले, ते पुन्हा बसलेच नाहीत. 2015 गेलं, 2020 गेलं. आमच्या 42 साइटवर कोणी विचारायलाही आलं नाही.

त्या साइटवर मी वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन चढलो आहे. एकदा श्रावणात पाय सरकला, डिझेल अंगावर सांडलं, गुडघा दुखावला. त्या महिन्यात सुट्टीचे पैसे कापले आणि सांडलेल्या डिझेलचा हिशेबही माझ्याकडेच मागितला. डिझेल चोरणारे होते हे मी नाकारत नाही. पण चोर पकडण्यासाठी टाकीत सेन्सर बसवायचा असतो, कॅन वाहणाऱ्या पोराला चोर म्हणायचं नसतं. तो गुडघा आजही लोकलचा जिना चढताना दुखतो.

आपले नियमही आमच्या गावापर्यंत पोचत नाहीत. ट्रायने ऑगस्ट 2024 मध्ये नवे नियम केले, त्यात सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई आहे. पण ती कधी, तर अख्ख्या जिल्ह्याची सेवा बंद पडली तर. 2009 च्या निकषांत टॉवर बंद राहण्याची मर्यादा 2 टक्के होती, तीही संपूर्ण सर्कलच्या, म्हणजे जवळपास राज्याएवढ्या दूरसंचार क्षेत्राच्या, हिशेबाने. एका गावाचा एक टॉवर दर वादळी रात्री मरत असला तरी कागदावर कंपनी पास. सरासरीत माझी आई कुठे दिसणार?

मुंबईत 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड बंद पडलं. लोकल थांबल्या, तासाभरात देशभर बातमी झाली, लगेच चौकशीचे आदेश निघाले. ते बरोबरच होतं. पण कोकणात हे जवळपास दर पावसाळी आठवड्याला होतं आणि त्याची नोंदही होत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मुंबईतले आम्ही चाकरमानी घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी कित्येक दिवस तडफडलो. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. आता आपण मोबाइलवर धोक्याचे इशारे पाठवता, फोन मोठ्याने वाजतो. तो इशारा टॉवरवरूनच येतो ना? वादळात आधी टॉवरच गेला तर तो वाजणार कुठे?

या देशात बांधायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. आमच्या गावात पाण्याची टाकी आहे, पंप जळलेला आहे. आईला मुंबईत आणलं त्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्या रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात ती कळवळत होती आणि मी तिचा हात धरून बसलो होतो. नारळ फोडायला सगळे येतात, सहा महिन्यांनी पाहायला कोणी येत नाही.

जुलै 2022 मध्ये मंत्रिमंडळाने 24,680 गावांना 4जी देण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले. त्या गावांना टॉवर मिळायलाच हवेत. पण आधी उभे असलेले टॉवर जिवंत ठेवा. 2002 पासूनचा सार्वत्रिक सेवा निधी, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात, त्यात कंपन्यांच्या महसुलाचे 5 टक्के जमा होतात. तो महसूल म्हणजे माझ्या आईचं रिचार्जच आहे. त्यातून दुर्गम टॉवरच्या बॅटऱ्यांना पैसे द्या, पण बॅटरी टिकली तरच द्या. प्रत्येक ग्रामीण टॉवर लाइट गेल्यावर किती तास चालला, याचा आकडा गावाच्या नावासह दर महिन्याला जाहीर करा. हा आकडा कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये दर मिनिटाला असतो, मी तो पडद्यावर पाहिलेला आहे. आणि भरपाईचा नियम जिल्ह्यावरून टॉवरवर आणा.

आई आता वॉकर धरून चालते. गणपतीला गावी जायचंच म्हणते, आणि मी नाही म्हणू शकत नाही. गणपतीपूर्वी आमच्या टॉवरच्या बॅटऱ्या बदलल्या जातील का, एवढं मला तारखेसह कळवा.

आपला,
एक माजी टॉवर टेक्निशियन
भांडुप, मुंबई