ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही

महोदय,

ट्रान्सफॉर्मर वीज तयार करतो, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो, म्हणून हे पत्र. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळून एकीला बॅटरी जोडली, तेव्हा दुसऱ्या वेटोळ्याकडील मापकाचा काटा केवळ प्रवाह सुरू व बंद करतानाच हलला. मधल्या काळात, प्रवाह वाहत असूनही, तो निश्चल राहिला. विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो तो चुंबकीय क्षेत्र बदलल्यामुळे, म्हणूनच याच रचनेच्या ट्रान्सफॉर्मरला सतत दिशा बदलणारा प्रवाह लागतो. दुसऱ्या वेटोळ्यात दहापट वेढे दिले, तर दाब दहापट वाढतो, पण प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. फुकट काहीच मिळत नाही. खरा लाभ वहनात आहे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढीच शक्ती नेताना प्रवाह एक दशांश झाला, की त्याच तारेतील अपव्यय एक शतांशावर येतो. ट्रान्सफॉर्मरची ती अखंड गुणगुण मात्र बिघाड नव्हे. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) प्रवाहामुळे गाभ्याचे, म्हणजे वेटोळ्यांच्या आतील लोखंडाचे, पत्रे सेकंदाला १०० वेळा अगदी किंचित ताणले-आक्रसले जातात, त्याचाच तो आवाज असतो.

– एक विज्ञानप्रेमी वाचक