घड्याळ किती चुकतंय, हे आधी विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

संगणकाची कुठलीही कुरबूर सांगा, 'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला लगेच मिळतो. तुम्ही तो दिला नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

वाचनालयातल्या प्रत्येक संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर आधारलेली, विंडोजसारखीच एक मोफत प्रणाली) दोन्ही आहेत. घड्याळ चुकतं म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, 'नेमकं किती?' निम्मं निदान त्या आकड्यातच असतं. फरक काही वर्षांचा असेल आणि वीज गेल्यावर दर वेळी तसंच होत असेल, तर मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य पटलावरचा), वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. नवा ३ व्होल्टचा सेल बसवायचा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरायची. तारीख एवढी मागे गेली की ब्राउझरला बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं, आणि लोक उगाच नेटला दोष देतात. फरक साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा असेल, तर विंडोज टाकताना अमेरिकेचा पॅसिफिक टाइम झोन तसाच राहिलाय. साडेबारा तिकडच्या उन्हाळ्यात, कारण तेव्हा तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात (उन्हाळी वेळ); एरवी साडेतेरा.

आमचा फरक मात्र बरोब्बर साडेपाच तासांचा होता. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक धरतं, उबुंटू जागतिक (यूटीसी, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे). उबुंटू तिथे जागतिक वेळ लिहून जातं, मग विंडोज साडेपाच तास मागे दिसतं. विंडोजने नेटवरून वेळ दुरुस्त केली की पुढच्या खेपेला उबुंटू तेवढंच पुढे. दोघंही आपल्या जागी बरोबरच असतात!

उपाय एका ओळीचा. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने 'सेट-लोकल-आरटीसी'ची किंमत १ केली, की तेही स्थानिक वेळ धरतं. यावर उबुंटू इशारा देतं, की टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळेच्या फेरफारात घोळ होईल. भारतात उन्हाळी वेळ नाही आणि आमचे संगणक टेबलावरून हलत नाहीत, त्यामुळे इथे तो इशारा बिनधास्त सोडून देता येतो. जर्मनीत किंवा अमेरिकेत असणाऱ्यांनी मात्र उलटा मार्ग धरावा: विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळी सेटिंग्ज साठवण्याच्या जागेत) 'टाइमझोनइन्फर्मेशन'खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करून किंमत १ ठेवायची.

जाता जाता दुसरं दुखणंही तुम्ही काढलंत. उबुंटूत विंडोजची ड्राइव्ह उघडायची, पण तिच्यात काही साठवता येत नसे. विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर झोपून राहतो आणि ड्राइव्ह वापरात असल्याची खूण तशीच राहते. रीस्टार्टमध्ये हे होत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करायचं. त्याशिवाय खालची चौकट फिकीच राहते. मग फास्ट स्टार्टअपवरची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तो लागू दे.

अडकलेल्या प्रिंटचंही तसंच. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवून, सिस्टम३२मधल्या स्पूल फोल्डरातला 'प्रिंटर्स' फोल्डर आतून रिकामा करून, स्पूलर पुन्हा सुरू करायचा. प्रिंटर काढून नव्याने टाकायची गरज नाही.

हे सगळं तुम्ही सांगितलंत तसं लिहून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवलं आहे. सुटे सेल काउंटरच्या खणात ठेवलेत.

मनापासून आभार.

आपले,
वाचनालयाच्या संगणक कक्षातले सगळे